आधी गाणं विचार

घाटकोपर (पश्चिम)

चि. सायली,


तुझा लेख मिळाला. मोबाइलवर वाचायला डोळे साथ देत नाहीत, म्हणून खालच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणला आणि दुपारी सगळं आवरल्यावर सावकाश वाचला. शेजारच्या शहाबेन आल्या होत्या, त्यांनाही मोडक्यातोडक्या हिंदीत अर्थ सांगितला. आपली सायली दिल्लीत संगीताच्या मासिकात लिहिते हे सांगताना माझा ऊर भरून आला, हे तुला वेगळं सांगायला नको. तुझ्या आईचा फोन होता. तिची साखर आटोक्यात आहे, पण गुडघे काही ऐकत नाहीत. तिला रोज नाही तरी दिवसाआड फोन करत जा. तुझ्या आवाजावरून तू जेवलीस की नाही हे तिला कळतं, म्हणून खोटं बोलू नकोस.

आता लेखाचं. फोनवर बोलले असते तर तू "हो गं मावशी" म्हणून सुटली असतीस, म्हणून मुद्दाम कागद घेऊन बसले.

असल्फ्याच्या त्या रॅप करणाऱ्या मुलावर तू लिहिलंयस. पहिल्या परिच्छेदात गटार, दुसऱ्यात पत्र्याचं छप्पर, तिसऱ्यात आईची धुणीभांडी, चौथ्यात त्याच्या तोंडची शिवी. गाण्याचा विषय निघतो तो पान उलटल्यावर, आणि तिथेही 'अस्सल' एवढं म्हणून तू पुढे जातेस. बाळा, तो मुलगा गातो कसा? लेख संपला तरी मला कळलं नाही. श्वास कुठे घेतो, मराठीतून हिंदीत कुठे वळतो, समेवर येतो की मुद्दाम मागे रेंगाळतो, ठेका स्वतः बनवतो की कुणा मित्राकडून घेतो, काहीच नाही. त्याच अंकातली आणखी पानं तू पाठवली होतीस. त्यात दक्षिण मुंबईतल्या एका गिटार वाजवणाऱ्या मुलाची मुलाखत आहे. त्याला तारा कुठल्या लावतोस इथपासून कुणाचं ऐकून वाढलास इथपर्यंत सगळं विचारलंय. त्याचे वडील काय करतात, घरात खोल्या किती, हे कुणी विचारलेलं नाही. एकाला त्याची कला विचारायची आणि दुसऱ्याला त्याची परिस्थिती. माझ्या मनाला लागलं ते हेच.

तू वाईट हेतूने लिहिलंस असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. तुझं मन मऊ आहे, त्या मुलाबद्दल कणव आहे, ती ओळीओळीत दिसते. पण कणवेनेही माणूस लहान होतो गं. वाचणाऱ्याला वाटतं, बिचारा, एवढ्या हालात गातो. म्हणजे गाणं बेताचं असलं तरी चालेल, हाल आहेत ना! त्या मुलाला मार्क मिळतात ते गरिबीचे.

आपल्या घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर चिरागनगर आहे. अण्णा भाऊ साठे तिथे कित्येक वर्षं राहिले. लहानपणी तुला तिथून नेताना मी दाखवायचे, आठवतं? त्यांच्यावरचा कुठलाही लेख उघड, जयंतीचा असो की पुण्यतिथीचा, "दीड दिवस शाळा शिकलेला" हे पहिल्या दोन ओळींत हमखास सापडतं. खरं आहे ते, मोठंही आहे. पण तेवढ्यावरच लेखकाचं समाधान होतं आणि गाणं तसंच राहून जातं. १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, तमाशाच्या गणात देवाच्या जागी मायभूमीला वंदन आणलं. त्यांची मैनेवरची छक्कड घे. गावी राहिलेल्या बायकोच्या विरहाचं म्हणून सुरू झालेलं गाणं चाल न मोडता संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कसं शिरतं, सीमाभागाची ताटातूट त्या बाईच्या ताटातुटीत कशी मिसळते! ही रचनेची करामत आहे. मी शाळेत मुलांकडून बसवून घ्यायचे तेव्हा त्या वळणावर मुलं आपोआप सावरून बसायची. ती करामत उलगडून सांगणारे लेख शोधायला जा, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळतील. दीड दिवसाची शाळा मात्र सगळ्यांना पाठ.

मुलुंडच्या विलास घोगऱ्यांचंही तसंच. आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' माहितीपटात त्यांचं गाणं आहे, मिळालं तर नक्की ऐक. १९९७ च्या जुलैत आपल्या रमाबाई नगरात पोलिसांचा गोळीबार झाला, दहा माणसं गेली आणि पाठोपाठ घोगऱ्यांनी स्वतःला संपवलं. आज त्यांचं नाव निघतं ते बहुधा त्या मरणासाठी. आधी इतकी वर्षं गायले, त्या आवाजाबद्दल कोण बोलतं?

तू म्हणशील, मावशी, मग जात, वस्ती, धर्म यांचं नावच काढायचं नाही का? तसं मुळीच नाही. गाळणं हेही तितकंच वाईट, आणि ते तुझ्याच धंद्यात घडलंय. २०२१ च्या ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर गायिका धी आणि रॅपर शान विन्सेंट डी पॉल झळकले. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेलं 'एंजॉय एंजामी' देशभर गाजत होतं. ते लिहिलं अरिवूने, धीबरोबर गायलंही त्याने. दलित घरातला तमिळ मुलगा, गाण्याच्या मुळाशी त्याच्या आजीची कहाणी, श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेल्या बाईची. आणि मुखपृष्ठावर तोच नाही. सिनेदिग्दर्शक पा. रंजितने जाहीर आक्षेप घेतला, खूप बोभाटा झाला, मग थोड्याच दिवसांत मासिकाने अरिवूचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ काढलं. त्या गाण्यातून आजी आणि जमीन काढलीस तर उरतं काय? तिथे जात सांगितलीच पाहिजे, कारण ती गाण्याच्या हाडात आहे. वामनदादा कर्डकांवर लिहिताना बाबासाहेबांचं नाव टाळलंस तर तो लेख खोटा होईल. आपल्या आरेतल्या केलटी पाड्याचे प्रकाश भोईर २०१९ मध्ये 'स्वदेशी' या रॅपगटाच्या मुलांबरोबर 'वारली रिव्होल्ट'मध्ये गायले. जंगल तोडायला निघाले होते तेव्हाचं गाणं. तिथे पाडा, झाड, जमीन आलीच पाहिजेत. म्हणजे सांग, जरूर सांग, पण गाण्याच्या आतून सांग. लेखाच्या दारात तोरणासारखं लटकवून ठेवू नकोस.

तुला वेसाव्याहून घाटकोपरला येणारी मेट्रो आवडायची ना? कॉलेजात असताना तू खिडकीला नाक लावून यायचीस. असल्फ्याच्या टेकडीवरची घरं २०१७-१८ च्या सुमारास रंगवली, तेव्हा तू फोटो काढून सगळ्यांना पाठवले होतेस. मलाही ते रंग आवडले, उगाच का नाही म्हणू? पण त्या घरांत राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला सांगितलं, "बाई, फोटो काढायला खूप लोक येतात, चढ चढून वर येत नाहीत." मेट्रोतून वस्ती दिसते, माणूस दिसत नाही. लेख लिहिताना खाली उतर आणि चढ चढ, एवढंच मागते.

त्याच मार्गावर चकाला-जे. बी. नगर लागतं. डिव्हाइन तिथला, विवियन फर्नांडिस. आधी इंग्रजीत रॅप करायचा, मग आपल्या गल्लीच्या हिंदीकडे वळला. नेझी कुर्ल्याचा. आयपॅडवर 'आफत' केलं ही गोष्ट इतक्यांदा छापून आली आहे की मलासुद्धा पाठ झाली, आणि मी काही रॅप ऐकत बसणारी बाई नव्हे. २०१४ मध्ये त्याच्यावर माहितीपट निघाला, त्याचं नावही कुर्ल्याच्या पिनकोडवरून 'बॉम्बे ७०'. आणि २०१९ च्या फेब्रुवारीत या दोघांवरून सुचलेला 'गली बॉय' आला तेव्हा नायकाचं घर धारावीत बांधलं. झोया अख्तरचा सिनेमा चांगला आहे, मी शहाबेनबरोबर थिएटरात जाऊन पाहिला, शेवटी डोळे पुसले. सिनेमाला तेवढी मोकळीक असते. पण त्यानंतर छापणाऱ्यांनीही तोच साचा उचलला. मुंबईचा रॅपर म्हटला की झोपडपट्टीतला, राग आलेला, आणि त्याचं स्वप्न एकच, इथून बाहेर पडणं. अंधेरीचा ख्रिश्चन मुलगा आणि कुर्ल्याचा मुसलमान मुलगा एकाच गाण्यात भेटतात तेव्हा दोघांची बोली वेगळी, शब्द फेकण्याची ढब वेगळी. कान देणाऱ्याला ते लगेच कळतं. साचा हातात घेऊन बसलेल्याला दोघं एकच वाटतात.

तुझ्या छायाचित्रकारालाही एक सांगून ठेव. आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा आता बरं रॅप करतो, स्वतःचे ठेके स्वतः लॅपटॉपवर बांधतो. त्याच्यावर कुठल्याशा मासिकात यायचं होतं. त्याच्या आईने सकाळी उठून शर्टाला इस्त्री करून दिली. फोटो काढणाऱ्याने तो शर्ट उतरवायला लावला, जुना टीशर्ट घालायला सांगितला आणि नाल्याच्या भिंतीवर उभं केलं. मुलगा म्हणत होता, लॅपटॉपसमोर बसतो, तिथेच तर मी काम करतो. नाही म्हणाले. अंक आला तो आईने पाहिला आणि विचारलं, इस्त्रीचा शर्ट कुठे गेला? ती माउली मला हे सांगताना हसत होती, पण मला काही हसू येईना. सायली, ज्याने जो शर्ट घातलाय त्यातच त्याचा फोटो काढा गं.

आपण मरोळला राहायचो तेव्हा तू फार लहान होतीस. वरच्या मजल्यावरचे अंकल संध्याकाळी व्हायोलिन घेऊन बसायचे आणि तू जिन्यात पाय मुडपून ऐकत राहायचीस, खाली बोलावलं तरी यायची नाहीस. त्या वेळी ख्रिश्चन माणूस म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे काय यायचं? सिनेमातला दारू पिणारा मायकल. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तला अँथनी गोन्साल्विस दारूचा अड्डा चालवतो आणि त्या प्रसिद्ध गाण्यात उंच टोपी घालून भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येतो. ते नाव प्यारेलालनी आपल्या गुरूच्या आठवणीने दिलं होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? खरे अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. प्यारेलालना आणि आर. डी. बर्मनना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी आपल्या रागांवर बेतलेलं वाद्यवृंदाचं संगीत सादर केलं. गोव्याच्या अशा कितीतरी वादकांनी आणि अरेंजर मंडळींनी आपली सिनेमाची गाणी लिहून, बांधून, वाजवून दिली. मासिकांत फोटो यायचे नायक-नायिकांचे, फार तर गायकांचे आणि संगीतकारांचे. ही माणसं बाजूलाच राहिली आणि त्यांच्या समाजाचं चित्र उरलं ते अंड्यातल्या त्या विदूषकाचं. शिष्याने प्रेमाने दिलेलं नाव, तरीही असं झालं! म्हणून म्हणते, नुसतं प्रेम पुरत नाही. मागे बसून वाजवणाऱ्याचं नाव काय, ठेका कुणी बांधला, आवाजाची जुळणी कुणी केली, हे विचार आणि छाप. नावाचं स्पेलिंग त्यालाच विचारून घे.

मुलींचं तर काय सांगू! मुंबईत 'वाइल्ड वाइल्ड वुमेन' नावाचा मुलींचाच रॅपगट आहे, तुला माहीत असेलच. अशा मुली भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला, घरचे काय म्हणाले? मुसलमान घरातली असेल तर लेख डोक्यावरच्या कापडाने सुरू होतो. मुलांना कधी विचारतं का कुणी घरचे काय म्हणाले? हे सगळं परक्या देशातही चालतं, अगदी मोठ्यांच्या घरी. १९६७ मध्ये मूळ 'रोलिंग स्टोन' सुरू करणाऱ्या जॅन वेनरने २०२३ मध्ये मुलाखतींचं पुस्तक काढलं. त्यातले सातही जण गोरे पुरुष. बायका आणि काळे कलावंत का नाहीत असं विचारलं, तर म्हणाला, त्या पातळीवर नेमकं बोलणारे नव्हते. मग माफी मागावी लागली, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या मंडळातूनही काढलं. मला त्यातलं एवढंच दिसतं की जन्मभर ज्यांना कलेबद्दल विचारलंच नाही, ते बोलत नाहीत असं तो म्हणाला.

याच्या उलट वागलेला माणूस आपल्याच मुंबईत होऊन गेला. देवधर मास्तर, बी. आर. देवधर. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार' १९४७ पासून निघतं, त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. माझ्या गाण्याच्या बाईंकडे जुने अंक होते, परीक्षा जवळ आली की मी ते वाचायला मागून आणायचे. स्वतः विष्णू दिगंबरांचे शिष्य, पण विद्या दिसेल त्या दारात गेले, घराणं पाहिलं नाही की धर्म पाहिला नाही. सिंदे खाँ नावाचे एक गवई फकिरासारखे राहायचे, अंगावर धड कपडे नसायचे. येणाराजाणारा त्यांना वेडा समजून पुढे जाई. मास्तरांनी त्यांच्याजवळ बसून बंदिशी घेतल्या. पुढे 'थोर संगीतकार'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा तो अवतार लपवला नाही, गमतीही सांगितल्या. पण वाचून पुस्तक मिटलं की मनात राहतं ते त्या माणसाकडचं गाणं. ते पुस्तक माझ्याकडे आहे. पुढच्या पार्सलमध्ये घालते. मासिकात काम करायचं तर उशाशी ठेव.

मला ठाऊक आहे, संपादक म्हणतील, वाचकाला गोष्ट लागते, गटार आणि शिव्याच खपतात. नवी नोकरी आहे, तू वाद घालत बसू नकोस. एक मात्र कर. मुलाखतीला गेलीस की पहिला अर्धा तास फक्त गाण्याबद्दल बोल. "हे कसं केलंस, परत एकदा करून दाखव," असं म्हण. करून दाखवताना माणूस आपलं घरही सांगतो, आईही सांगतो, आणि त्याला हवं तेवढंच सांगतो. मग लिहून झालं की तोच परिच्छेद मलबार हिलवरच्या कुणा गायिकेबद्दल असाच लिहिला असतास का, हे स्वतःला विचार. नसतास, तर खोड आणि पुन्हा लिही. खोडायला लाजू नकोस, तुझे आजोबा एका अर्जाचे चार-चार कच्चे खर्डे करायचे.

आमच्याकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. एल. बी. एस. मार्गाचं दरवर्षीचंच रडगाणं, रिक्षा मिळत नाही. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगा चालू आहेत, कुणाचंच कुणाशी जमत नाही. पार्सलमध्ये मेतकूट, भाजणी आणि लसणाची चटणी घालतेय. चटणीचा डबा उभाच ठेव, तेल सुटतं. दिल्लीची थंडी सुरू होईल, छाती झाकून बाहेर पड.

दिवाळीला येशील तेव्हा तुला कामराजनगरात एका ढोलकीवाल्या काकांकडे नेते. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. जन्मभर भीमगीतांच्या पार्ट्यांत वाजवलंय. माझ्या पेटीच्या काळी चारला ढोलकी लावायचे, कान कातड्याला टेकवून, कड्या एकेक सरकवत, आणि लागली की बोटाने एकच टिचकी मारून माझ्याकडे बघायचे. आता हात थरथरतो, पण कान तस्साच आहे. त्यांच्यावर आजवर कुणी एक ओळ लिहिलेली नाही. मी त्यांना सांगून ठेवलंय, आमची सायली येणार आहे आणि ती ढोलकीबद्दल विचारणार आहे. तर प्रश्न नीट तयार करून आण. ढोलकीला आतून मसाला कसा लावतात इथपासून सुरुवात कर. ते पेढे देतील, नको म्हणू नकोस.

तुझी,
माई मावशी